समुद्राकडे बघत बसण्याची शिस्त: देवमासे, डॉल्फिन, शार्क आणि पाकट यांच्या नोंदी कशा सुरू कराव्यात

दोन तास समुद्राकडे डोळे लावून बसलात आणि काहीच दिसलं नाही, तर वहीत काय लिहाल? नवखी मंडळी बहुधा वही उघडतच नाहीत. "आज काही नव्हतं" म्हणत उठतात. डॉल्फिनचा कळप दिसला की मात्र पानभर मजकूर होतो. वर्षभराने अशी वही चाळली तर तिच्यात सगळे दिवस डॉल्फिनचेच. पुढच्या वर्षी कळप निम्म्यावर आले तरी त्या वहीला पत्ता लागणार नाही, कारण किती वेळ बघितलं आणि त्यात किती दिसलं, हा हिशोबच तिच्यात नाही.

माझी पहिली वही अशीच होती. खूप मन लावून लिहिलेली, आणि तुलनेसाठी जवळजवळ निरुपयोगी. म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगतो: रिकामा दिवसही नोंदवा. सुरू केल्याची वेळ, थांबल्याची वेळ, समुद्र कसा होता, आणि "दिसलं नाही". संवर्धनाचं सगळं काम या तीन-चार रकान्यांवर उभं राहतं.

पायरी १: जागा, वेळ आणि वही

होडी, ड्रोन, महागडा कॅमेरा यांतलं काहीही नसताना सुरुवात करता येते. लागते ती एक उंच जागा. वाळूत उभं राहिलं तर क्षितिज जेमतेम पावणेपाच किलोमीटरवर असतं. तीस मीटर उंचीच्या कड्यावरून तेच साडेएकोणीस किलोमीटरवर जातं. एवढ्या लांबचा डॉल्फिन काही दिसत नाही, पण वरून बघताना लाटांच्या आडचं पाणीही नजरेत येतं, हा खरा फायदा. भूशिराचं टोक, कड्यावरची सपाटी, दीपगृहाजवळचा उंचवटा, जे मिळेल ते एकदा ठरवा आणि मग तेच ठेवा. जागा रोज बदलली की एका दिवसाची दुसऱ्या दिवसाशी तुलना होत नाही.

दुर्बीण आठपट किंवा सातपट मोठं दाखवणारी पुरते. त्याहून जास्त ताकदीची हातात थरथरते आणि तासाभरात डोकं दुखायला लागतं. आधी नुसत्या डोळ्यांनी डावीकडून उजवीकडे सावकाश नजर फिरवा, मग दुर्बिणीने तोच पट्टा परत घ्या. पंधरा-वीस मिनिटांनी डोळ्यांना विश्रांती द्या, आणि दोघं असाल तर पाळी बदला. थकलेल्या डोळ्यांना प्रत्येक लाट पाठीसारखी दिसते.

समुद्राची स्थिती लिहायला ब्यूफोर्ट मापपट्टी वापरतात. शून्य म्हणजे आरशासारखं पाणी. एकला नुसत्या सुरकुत्या, दोनला लहान लाटा पण त्या फुटत नाहीत. तीनला अधूनमधून पांढरे तुरे दिसू लागतात, आणि इथेच लहान प्राण्यांच्या मोजणीचा दिवस संपतो. पॉरपॉइज हा डॉल्फिनचा बुटका, लाजाळू नातेवाईक. तो पाण्याबाहेर एवढा थोडा येतो, की पांढरे तुरे दिसू लागल्यावर तो शेजारून गेला तरी कळत नाही. अशा दिवशी "प्राणी कमी" असं लिहिणं चूक, खरं तर दिसण्याची शक्यता कमी होती. सूर्याची तिरीप पाण्याच्या किती भागावर होती, धुकं होतं का, नजरेच्या टप्प्यात होड्या किती होत्या, हेही त्यासाठीच लिहायचं.

प्राणी दिसला की वेळ, दिशा, अंदाजे अंतर, कुठल्या बाजूला चालला होता, पिल्लं होती का, आणि काय करत होता ते टिपा. संख्या एकच आकडा म्हणून लिहू नका. तीन आकडे लिहा: कमीत कमी इतके नक्की, जास्तीत जास्त इतके असतील, आणि मला इतके वाटतात. डॉल्फिनचा कळप एकाच वेळी कधीच सगळा वर नसतो. पाच पाठी दिसताना खाली आणखी दहा असू शकतात.

पायरी २: बघतोय ते काय आहे?

देवमासे आणि डॉल्फिन हे मासे नाहीत, सस्तन प्राणी आहेत. फुप्फुसांनी श्वास घेतात, त्यासाठी त्यांना वर यावंच लागतं. शेपूट आडवी असते आणि वर-खाली हलते. शार्क म्हणजे मुशी, आणि पाकट हे मासेच, पण त्यांच्या अंगात हाड नाही. सांगाडा कूर्चेचा, आपल्या कानाच्या वरच्या भागासारखा लवचीक. शार्कची शेपूट उभी असते आणि डावी-उजवीकडे हलते. शार्कच्या कल्ल्यांच्या फटी बाजूंना असतात, पाकटाच्या पोटाखाली. मेलेला किंवा अर्धवट कापलेला प्राणी समोर आला तर हा एवढा फरकसुद्धा कामाला येतो.

पाण्यावर मात्र हे सगळं दिसत नाही. दिसतो तो एक काळा त्रिकोण. तो वर येऊन, पुढे झुकून, गोल फिरल्यासारखा पाण्यात गेला तर बहुतेक डॉल्फिन. पाण्याच्या पातळीवर सरळ कापत राहिला आणि त्याच्यामागे काही अंतरावर शेपटीचं टोक डुलताना दिसलं तर शार्क. आणि दोन त्रिकोण शेजारी-शेजारी, कधी एक वर तर कधी दुसरा, असं दिसलं तर दोन शार्क आहेत असं लिहिण्याआधी थांबा. मोठ्या पाकटाच्या दोन्ही पंखांची टोकं अशीच दिसतात.

मोठ्या देवमाशांची पहिली खूण त्यांचा उच्छ्वास. निळ्या देवमाशाचा फवारा उंच, सरळ खांबासारखा. राइट व्हेलचा समोरून बघितला तर इंग्रजी व्ही अक्षरासारखा फाटलेला. स्पर्म व्हेलचा पुढे आणि डावीकडे झुकलेला, कारण त्याची नाकपुडीच डोक्याच्या डाव्या टोकाला आहे. वारा असला की या खुणा पुसतात, म्हणून तीन-चार श्वास बघितल्याशिवाय नाव घालू नका.

खात्री नसेल तर "डॉल्फिन, जात अनिश्चित" असं लिहा. ही नोंद पूर्ण किमतीची आहे. चुकीची जात लिहिलेली नोंद पुढे कुणाच्या तरी नकाशावर ठिपका होऊन बसते आणि तो काढणं फार कठीण जातं. म्हणून वहीत खात्रीचा वेगळा रकाना ठेवा: नक्की, बहुधा, शंका.

पायरी ३: एकेका प्राण्याला ओळखणं

या कामातला मला सगळ्यात प्रिय भाग हा आहे.

डॉल्फिनच्या पाठीवरच्या पराची, म्हणजे त्या काळ्या त्रिकोणाची, मागची कड पातळ असते. भांडणांत, जाळ्यांत, होडीच्या पंख्याला लागून ती कड फाटते, तिला खाचा पडतात. वरच्या टोकाला अर्धचंद्रासारखा चावा, मधे दोन बारीक दातरे, तळाशी एक लांबट फाट. तशी रचना पुन्हा दुसऱ्या कुणाची नसते. कातडीवरचे दातांचे ओरखडे काही महिन्यांत फिके पडतात. कडेच्या खाचा राहतात, फार तर त्यांत नव्या भरीस पडतात. त्यामुळे एकच पर वर्षानुवर्षं ओळखता येतो. १९७०च्या दशकात कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर मायकल बिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑर्कांच्या, म्हणजे काळ्या-पांढऱ्या मोठ्या डॉल्फिनांच्या, पराचे आणि त्यामागच्या करड्या डागाचे फोटो घेऊन एकेक प्राणी वेगळा केला. तोवर तिथे ऑर्का हजारोंनी असतील असा समज होता. फोटोंच्या मोजणीत ते काही शेच निघाले. फ्लोरिडातल्या सारासोटा खाडीत १९७० साली सुरू झालेला डॉल्फिनचा अभ्यास आजही चालू आहे, आणि तिथे एकाच घराण्याच्या पिढ्या माणसांच्या ओळखीच्या आहेत.

फोटो कसा घ्यावा, हे थोडक्यात. पर कॅमेऱ्याला काटकोनात हवा. तिरका आला तर खाचांचा आकार बदलतो. जमेल तिथे डावी आणि उजवी दोन्ही बाजू घ्या. कॅमेऱ्याचं घड्याळ सकाळीच जीपीएसच्या वेळेशी जुळवा, नाहीतर संध्याकाळी कुठला फोटो कुठे घेतला हे लागत नाही. एका कळपापासून दुसऱ्याकडे जाताना मधे आकाशाचा किंवा स्वतःच्या तळहाताचा एक फोटो काढा, म्हणजे गट वेगळे राहतात. आणि सगळ्यांचे फोटो काढा. उडी मारणारे, जवळ येणारे, ठसठशीत खुणांचे प्राणी लक्ष खेचून घेतात. गुळगुळीत पराचा, लांब राहणारा प्राणी राहून जातो आणि मोजणी तिथेच वाकडी होते.

या फोटोंतून संख्या कशी निघते? समजा पहिल्या फेरीत खुणेचे ४० डॉल्फिन ओळखले. काही दिवसांनी दुसऱ्या फेरीत ३० ओळखले आणि त्यांतले १२ आधीच्या चाळिसांतले निघाले. म्हणजे दुसऱ्या फेरीत दर दहात चार ओळखीचे. मग ते चाळीस सगळ्या संख्येच्या दहात चार असावेत, म्हणजे एकूण सुमारे शंभर. प्रत्यक्षात गणित याहून पुढे जातं. मधल्या काळात काही मरतात, काही निघून जातात, काही होडीला बुजतात, आणि खूण नसलेल्यांचं प्रमाण वेगळं धरावं लागतं. तरी पाया हाच आहे. तुमच्या फोटोतला एक चुकीचा जुळवलेला पर या बारांना तेरा करतो आणि उत्तर शंभरावरून ९२वर येतं. म्हणून जुळवणी दोघांनी, एकमेकांचं न बघता करायची.

इतर प्राण्यांची ओळखपत्रं वेगळ्या जागी असतात. हंपबॅक देवमाशाची शेपटीच्या खालच्या बाजूला, काळ्या-पांढऱ्या नक्षीत. राइट व्हेलची डोक्यावरच्या खरबरीत चट्ट्यांत. मँटा पाकटाची पोटावरच्या ठिपक्यांत. व्हेल शार्कची कल्ल्यांच्या मागे, बाजूवरच्या पांढऱ्या ठिपक्यांत. प्रथेप्रमाणे डाव्या बाजूचा फोटो आधी घेतात. या ठिपक्यांची जुळवणी करायला जी संगणकीय पद्धत वापरली गेली, ती मुळात आकाशातल्या ताऱ्यांच्या नकाशांसाठी तयार झाली होती. सुट्टीत पोहायला गेलेल्या माणसाने काढलेला फोटोसुद्धा तिच्यात बसतो. तुमच्याकडे असा जुना फोटो असेल तर तारीख आणि जागेसह तो शोधून ठेवा.

पायरी ४: होडीतून बघताना

होडीतली मोजणी ठरलेल्या रेषांवरून होते. नकाशावर आधी आखलेल्या समांतर किंवा नागमोडी रेषांवरून एकाच वेगाने जायचं, आणि प्राणी दिसला की त्याचं अंतर आणि होडीच्या नाकापासूनचा कोन टिपायचा. त्यावरून प्राणी रेषेपासून काटकोनात किती दूर होता ते काढतात, आणि अंतर वाढत जाईल तसे किती प्राणी नजरेतून सुटतात याचा अंदाज बांधतात. जिथे डॉल्फिन नेहमी दिसतात तिथेच होडी नेली तर ती सहल झाली. हे काम अनुभवी गटाबरोबर शिका, एकट्याने सुरू करू नका.

जवळ जाण्याचे नियम मात्र पहिल्याच दिवशी पाठ हवेत. अनेक देशांच्या नियमांत देवमाशांपासून किमान १०० मीटर आणि डॉल्फिनपासून ५० मीटर अंतर सांगितलेलं असतं; पिल्लू असेल तर त्याहून बरंच जास्त. तुमच्याकडचा नियम कडक असेल तर तोच पाळायचा. मागून पाठलाग नको, समोरून वाट अडवणं नको. बाजूने, समांतर, सावकाश चला. कळपाच्या मधून होडी घालू नका. प्राणी स्वतःहून जवळ आला तर इंजिन न्यूट्रलला टाका आणि थांबा. दिशा सारखी बदलणं, पाण्यात जास्त वेळ राहणं, शेपूट आपटणं, पिल्लाला दुसऱ्या बाजूला घेणं, यांतलं काहीही दिसलं की निघायचं, फोटो अर्धवट राहिला तरी. ऑस्ट्रेलियातल्या शार्क बे इथे बरीच वर्षं चाललेल्या अभ्यासात पर्यटकांच्या होड्या वाढलेल्या भागात डॉल्फिनची संख्या घटलेली आढळली, आणि त्यानंतर तिथले परवाने कमी केले गेले. बघायला जाणाऱ्या माणसामुळेही नुकसान होतं, हे त्या नोंदींनी दाखवलं.

पायरी ५: शार्क आणि पाकट यांच्यासाठी बंदरावर जा

शार्क आणि पाकट श्वासासाठी वर येत नाहीत, त्यामुळे कड्यावर बसून त्यांची मोजणी होत नाही. नवख्या माणसाला ते सगळ्यात जास्त भेटतात ते मासळी उतरते तिथे. हे बघणं सोपं नाही. एका सकाळी ओळीत मांडलेली हातभर लांबीची पिल्लं मोजताना मन खचतं. तरीही तिथली वही फार मोलाची, कारण शार्क आणि पाकटांच्या १,१९९ जातींचा जो जागतिक आढावा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात एक तृतीयांशाहून जास्त जाती धोक्यात असल्याचं आणि सगळ्यांच्या मुळाशी अतिमासेमारी असल्याचं दिसलं. कुठली जात, किती मोठी, किती वेळा जाळ्यात येते, हे बंदरावरच कळतं.

आधी परवानगी. बंदराच्या व्यवस्थापनाची आणि प्रत्येक होडीच्या तांडेलाची, म्हणजे होडीच्या प्रमुखाची. मासळी उतरवायची घाई असते, बर्फ वितळत असतो, लिलाव उभा असतो. तुमच्यासाठी कुणी थांबणार नाही आणि तशी अपेक्षाही धरू नका. पहिले काही दिवस नुसते बघा, टोपल्या उचलायला हात लावा, नावं विचारा. उपदेश अजिबात नको. जाळ्यात काय आलं हे तांडेल खरं सांगेल की नाही, हे तुम्ही त्याला आरोपी समजता की जाणकार समजता यावर ठरतं. मला आजवर जितकी उपयोगी माहिती पुस्तकांतून मिळाली, तितकीच जाळी विणता विणता बोलणाऱ्या माणसांकडून मिळाली आहे.

मापं अशी घ्या. शार्कची लांबी तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत, टेप जमिनीवर सरळ ठेवून. पोटाच्या फुगवट्यावरून टेप नेला तर लांबी खोटी वाढते. पाकटाची शेपूट बहुधा तुटलेली असते, म्हणून त्याची रुंदी मोजतात, एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत. मग प्राणी उलटा करून पोटाकडच्या मागच्या परांमध्ये बघा. नराला तिथे दोन नळ्यांसारखे अवयव असतात, त्यांना क्लास्पर म्हणतात. मादीला नसतात. क्लास्पर आखूड आणि मऊ असतील, बोटाने सहज वाकत असतील, तर नर अजून वयात आलेला नाही. लांब, कडक आणि मुळाशी फिरणारे असतील तर वयात आलेला. दहा सेकंदांची ही तपासणी आहे, पण वर्षभर केली की त्या भागातले किती नर एकदाही प्रजनन न करता पकडले जातात हे कागदावर येतं. शेवटी चार फोटो: वरून, बाजूने, पोटाकडून, आणि तोंड व दातांचा जवळून, प्रत्येकात मोजपट्टी दिसेल अशी.

पाकटाच्या शेपटीवरचा काटा मेल्यावरही विषारी राहतो. तो लागलाच तर जखमी भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात, पण पोळेल इतक्या नाही, बुडवून ठेवल्याने वेदना कमी होते. त्यानंतर डॉक्टरकडे जायचंच, कारण काट्याचा तुकडा आत राहू शकतो.

एवढी मेहनत का, तर हे प्राणी सावकाश वाढतात. मँटा पाकटाला एका वेळी बहुधा एकच पिल्लू होतं. काटेरी डॉगफिश ही लहानशी शार्क जवळजवळ दोन वर्षं गाभण असते. ग्रीनलंड शार्क दीडशेच्या आसपास वर्षांनी वयात येते असा अंदाज आहे. एका मोसमात ओरबाडलेली संख्या भरून यायला माणसाच्या पिढ्या जातात.

पायरी ६: पाण्याखालचे डोळे आणि कान

इथे थोडक्यात सांगतो, कारण यंत्रं गटात येऊन शिकलेली बरी. चौकटीवर कॅमेरा आणि पुढे दांड्याला आमिषाची पिशवी लावून ती साधारण तासभर तळाशी ठेवतात. नंतर चित्रफीत बघताना एका चौकटीत एका जातीचे जास्तीत जास्त किती प्राणी एकदम दिसले, तोच आकडा धरतात. आलेला प्रत्येक शार्क मोजला तर घिरट्या घालणारा एकच प्राणी दहादा मोजला जाईल. याच पद्धतीने ५८ देशांतल्या ३७१ प्रवाळ भित्ती तपासल्या गेल्या, आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत सुमारे एक पंचमांश भित्तींवर एकही शार्क दिसला नाही. "दिसला नाही" या नोंदीची ताकद एवढी असते.

हायड्रोफोन म्हणजे पाण्यातला मायक्रोफोन. तो रात्री ऐकतो, धुक्यात ऐकतो. निळ्या देवमाशाचा आवाज इतका खालचा, की आपल्या कानाला तो बहुतेक ऐकू येत नाही. पॉरपॉइजचे टिकटिक आवाज १३० किलोहर्ट्झच्या आसपास, आपल्या कानाच्या फार वर. शार्क मात्र बोलत नाहीत, त्यांच्यासाठी पाण्याचा नमुना गाळून त्यात राहिलेला डीएनए तपासण्याची पद्धत आता वापरात आली आहे.

पायरी ७: किनाऱ्याला प्राणी लागला तर

हे कधी ना कधी तुमच्यावर येईल, म्हणून आधी तयारी करा. आजच, प्राणी दिसण्याआधी, तुमच्या भागात समुद्री प्राण्यांच्या बचावाचं काम कोण बघतं ते शोधा आणि नंबर फोनमध्ये ठेवा. वन खातं, मत्स्य खातं, तटरक्षक, बचाव गट, जागेप्रमाणे हे बदलतं.

डॉल्फिन वाळूत पडलाय, जिवंत आहे, भोवती माणसं जमलीत, कुणीतरी शेपूट धरून ओढतंय. आधी तो हात थांबवा. शेपटीने ओढल्याने मणके निखळतात. लगेच समुद्रात ढकलण्याची घाईही थांबवा, कारण तो आजारी असू शकतो आणि तसा ढकललेला प्राणी पुन्हा किनाऱ्याला लागतो. फोन करा. मग त्याला पोटावर सरळ ठेवा, कुशीवर पडू देऊ नका. पाण्याबाहेर स्वतःच्याच वजनाखाली त्याचे अवयव दबत असतात. छातीच्या परांखाली वाळू उकरून खड्डे करा म्हणजे ते मुडपणार नाहीत. ओल्या चादरी अंगावर टाका, पण डोक्यावरची नाकपुडी उघडी ठेवा, आणि पाणी ओतताना एक थेंबही तिच्यात जाऊ देऊ नका. सावली करा. कुत्री, गोंगाट, सेल्फी लांब. शेपटीजवळ कुणी उभं राहू नका, एका फटक्यात पाय मोडतो. एका माणसाने फक्त मिनिटाला किती श्वास ते मोजून लिहायचं. डॉक्टर आल्यावर पहिला प्रश्न तोच असतो.

हे सगळं डॉल्फिन आणि देवमाशांसाठी. शार्कला किंवा पाकटाला हवा नको, कल्ल्यांवरून वाहतं पाणी हवं. तो जिवंत आणि हाताळता येण्याजोगा असेल तर त्याला लवकरात लवकर पाण्यात नेणंच बरं, मात्र कल्ल्यांत बोटं घालून किंवा शेपटीने ओढून नव्हे.

किनाऱ्याला लागलेल्या प्राण्याची अवस्था १ ते ५ अंकांत लिहितात: १ जिवंत, २ ताजा मेलेला, ३ कुजू लागलेला पण अवयव शाबूत, ४ खूप कुजलेला, ५ वाळलेली कातडी किंवा नुसती हाडं. जाळ्याच्या दोऱ्याचे वळ, पंख्याचे समांतर कापे, पोट कापलं गेलं आहे का, यांचे फोटो घ्या. हातमोजे आणि मास्कशिवाय हात लावू नका, यांच्यापासून माणसांना ब्रुसेलोसिससारखे जिवाणूंचे आजार होऊ शकतात. फुगलेला मोठा देवमासा कापायला जाऊ नका. आणि दात, हाड, कातडी काहीही घरी नेऊ नका. बऱ्याच देशांत तो गुन्हा आहे.

पायरी ८: वहीतून समुद्रात

नोंदी साठवून ठेवल्या तर प्राणी वाचत नाहीत. मेक्सिकोतल्या कॅलिफोर्नियाच्या आखातातला व्हाकिटा हा जगातला सगळ्यात लहान पॉरपॉइज. १९९७ साली त्यांची संख्या सुमारे ५६७ धरली गेली. पाण्यात ठेवलेल्या आवाज टिपणाऱ्या यंत्रांनी २०११ ते २०१५ मध्ये दर वर्षी सुमारे एक तृतीयांश घट दाखवली. आता दहाच्या आसपास उरलेत. मोजणी चोख होती. टोटोआबा माशासाठी लावलेली गिलनेट, म्हणजे पाण्यात भिंतीसारखी उभी राहणारी जाळी, वेळेवर निघाली नाहीत. हे आठवलं की मला अजूनही झोप लागत नाही.

उलट उदाहरणही आहे. उत्तर अटलांटिकचे राइट व्हेल कुठे, कधी असतात याच्या वर्षानुवर्षांच्या नोंदींवरून २००३ साली कॅनडातल्या फंडीच्या उपसागरातला आणि २००७ साली बोस्टनकडे जाणारा जहाजांचा मार्ग सरकवला गेला, आणि २००८ पासून अमेरिकेने ठरावीक भागांत, ठरावीक महिन्यांत मोठ्या जहाजांना १० नॉट, म्हणजे ताशी सुमारे साडेअठरा किलोमीटर, ही मर्यादा घातली. तो प्राणी अजूनही संकटात आहे, पण एका वहीने जहाजं वळवली.

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या मेनच्या आखातात १९९४ साली जाळ्यांना आवाज करणारी छोटी यंत्रं लावून बघितली. यंत्र चालू असलेल्या जाळ्यांत २ पॉरपॉइज सापडले, जवळपास तितक्याच बंद यंत्रांच्या जाळ्यांत २५. हा उपाय प्रत्येक जातीला चालत नाही; म्हणून तुमच्या पाण्यात कुठली जात कुठल्या जाळ्यात, कुठल्या महिन्यात, किती खोलीवर अडकते, हे आधी लिहिलेलं हवं. जाळ्यातून मोठा पाकट जिवंत सोडायचा तर त्याला कापडाच्या किंवा जाळीच्या झोळीत घेऊन उतरवतात. डोक्यावरच्या शिंगांसारख्या परांना धरून किंवा आकडा खुपसून उचललं तर सोडल्यावरही मरतो. गळाला लागलेल्या शार्कची दोरी गळाच्या अगदी जवळ कापायची.

माहिती कुणाला द्यायची, हेही आधी ठरवा. विद्यापीठ, सरकारी खातं, खुली नोंदवही, जिथे द्याल तिथे बघितल्याचे तास आणि रिकामे दिवस सोबत जायला हवेत. फार दुर्मीळ जात, पिल्लं देण्याची जागा, किंवा व्यापारात मागणी असलेला प्राणी असेल तर नेमकी जागा त्याच दिवशी समाजमाध्यमांवर टाकू नका. हातोडी शार्क, मँटा, करवत मासा यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स या धोक्यातल्या जातींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या करारात येतो, आणि अशा जातींच्या अवयवांची विक्री दिसली तर स्वतः वाद न घालता संबंधित खात्याला कळवा.

आणि वर्षाचा तक्ता तयार झाला की त्याची पहिली प्रत बंदरावर न्या. मोठ्या कागदावर, मोठ्या अक्षरांत: कुठल्या महिन्यात किती तास बघितलं, किती दिसलं, जाळ्यात काय आलं. तांडेल मंडळींना तो दाखवा आणि विचारा, यात काय चुकलंय? ते जे दुरुस्त करतील ते त्याच कागदावर वेगळ्या शाईने लिहून घ्या. दुसऱ्या वर्षाच्या वहीत रकाने आखताना तो कागद समोर ठेवा.